घरी आखलेला रूट एक, गाडीवर दुसराच: जीपीएसचा नेहमीचा घोळ आणि त्यावरचे उपाय

तक्रार प्रत्येकाची थोड्याफार फरकाने सारखीच. शुक्रवारी रात्री कॉम्प्युटरवर बसून घाट, खाडी, नाश्त्याचं ठिकाण असं सगळं बघून रूट आखायचा, फाइल डिव्हाइसमध्ये टाकायची, पहाटे गाडी काढायची. आणि परळपर्यंत पोचायच्या आत स्क्रीन सांगते, शिवडीकडे वळा. म्हणजे अटल सेतूकडे, जिथे दुचाकीला प्रवेशच नाही. मग डिव्हाइसला शिव्या, नकाशाला शिव्या आणि शेवटी खिशातला फोन बाहेर. पुढच्या राइडला पुन्हा तेच.

खालचं सगळं गार्मिनच्या झूमो डिव्हाइसला धरून लिहिलंय, कारण माझ्या आसपास हँडलवर तेच जास्त दिसतं. टॉमटॉम रायडर असेल किंवा फोनवर ओस्मअँड हे नकाशाचं ॲप असेल तर मेनूतली नावं बदलतील, दुखणं तेच राहील.

दुखण्याचं मूळ एका वाक्यात सांगता येतं: डिव्हाइस तुमची रेघ पाळत नाही, तुम्ही दिलेले बिंदू पाळतं. दोन बिंदूंच्या मधला रस्ता ते स्वतःच्या नकाशावरून, स्वतःच्या सेटिंगप्रमाणे, नव्याने शोधतं. कॉम्प्युटरचा नकाशा वेगळा, त्याचे नियम वेगळे, मग उत्तर वेगळं येणारच. एवढं डोक्यात बसलं की पुढचा प्रत्येक उपाय सरळ वाटतो.

आधी फाइल उघडून बघा

रूटची फाइल असते ती जीपीएक्स. हा प्रकार २००२ पासून आहे आणि तो साध्या मजकुराचाच असतो. नोटपॅडमध्ये उघडला तरी वाचता येतो. त्यात तीन तऱ्हेच्या गोष्टी असू शकतात. डब्ल्यू-पी-टीने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे सुटे बिंदू, वेपॉइंट. आर-टी-ईने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे रूट, म्हणजे ओळीने जायचे बिंदू. टी-आर-केने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे ट्रॅक, रस्त्यावर दर काही मीटरला टाकलेल्या ठिपक्यांची माळ.

रूटमध्ये मुंबई ते गुहागर दहा-बारा बिंदूंत बसतं. ट्रॅकमध्ये त्याच अंतराला हजारो ठिपके असतात. रूट दिला की डिव्हाइस वळणं बोलून दाखवतं, पण मधला रस्ता स्वतः ठरवतं. ट्रॅक दिला की ते काहीच ठरवत नाही, नकाशावर नुसती रंगीत रेघ काढतं. ती रेघ मात्र तुम्ही आखली तशीच राहते, डिव्हाइस कितीही वेळा हिशेब बदलो.

म्हणून माझा नियम असा की प्रत्येक राइडचं दोन्ही न्यायचं. रूट बोलण्यासाठी आणि त्याच रस्त्याचा ट्रॅक खाली निळ्या किंवा काळ्या रंगात साक्षीला. रूटची जांभळी रेघ ट्रॅकच्या रेघेवरून सरकली की डिव्हाइसचं डोकं फिरलं हे चालत्या गाडीवर एका नजरेत कळतं. बहुतेक प्लॅनर, म्हणजे कॉम्प्युटरवर रूट आखायची सॉफ्टवेअरं, एक्स्पोर्ट करताना रूट हवा की ट्रॅक हे विचारतात. दोन्हीवर खूण करा. गूगलच्या माय मॅप्सवर आखत असाल तर तिथून केएमएल या दुसऱ्या प्रकारची फाइल निघते, जीपीएक्स नाही. ती बदलून घ्यावी लागते आणि बदलताना बऱ्याचदा नुसता ट्रॅकच हाती येतो. "फाइल आत गेली, पण डिव्हाइसच्या ट्रिप प्लॅनरमध्ये दिसतच नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ट्रॅक वेगळ्या यादीत असतात, तिथे शोधा. झूमो एक्सटीवर ट्रॅकवरून ट्रिप बनवायची सोयही आहे.

दुचाकीला बंद रस्ते: मुंबईचं खास दुखणं

परदेशी लेखांत हा भाग सापडत नाही, कारण त्यांच्याकडे हा प्रश्नच नाही. युरोप-अमेरिकेत मोटरसायकली मोठ्या हमरस्त्यांवर बिनधास्त चालतात. त्यामुळे डिव्हाइसवर गाडीचा प्रकार 'मोटरसायकल' निवडला म्हणजे ते आपोआप मुंबईतले बंद रस्ते वगळेल अशी आशा धरू नका.

आपल्याकडची यादी मोठी आहे आणि दर थोड्या दिवसांनी वाढते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सागरी सेतू, ईस्टर्न फ्रीवे, जे. जे. उड्डाणपूल, कोस्टल रोड, अटल सेतू, समृद्धी महामार्ग. सगळीकडे दुचाकीला मनाई. आणि गंमत अशी की डिव्हाइसच्या दृष्टीने हेच सगळ्यात सुंदर रस्ते: सरळ, रुंद, सिग्नल नाही. 'फास्टर टाइम' लावलं की ते धावत तिकडेच जाणार.

जुना नकाशा असलेल्या डिव्हाइसवर काही वर्षं हा त्रास कमी होता, कारण अटल सेतू सुरू झाला तो जानेवारी २०२४ मध्ये आणि समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. मग एक दिवस नकाशा अपडेट होतो आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली नाशिकची ट्रिप अचानक शहापूर-कसारा सोडून आमण्याकडे वळते. ट्रिप तीच, बिंदू तेच. मधे नवा रस्ता आला आणि डिव्हाइसला तो जास्त आवडला. नकाशा अपडेट केल्यावर जुन्या साठवलेल्या ट्रिपा पुन्हा तपासल्याशिवाय वापरायच्या नाहीत, हे त्यावरचं साधं पथ्य.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालणारे प्लॅनर इथे जरा बरे. त्या नकाशात रस्त्याला 'मोटरसायकल नाही' अशी खूण लावायची सोय आहे आणि कोणी ती लावली असेल तर मोटरसायकल प्रोफाइल तो रस्ता टाळतं. गूगल मॅप्सनेही डिसेंबर २०१७ मध्ये भारतात टू-व्हीलर मोड आणला. पण म्हणूनच घोळ आणखी फसवा होतो: घरी प्लॅनरने शहाणपणाने जुना मुंबई-पुणे हायवे दाखवला, तुम्ही खूश होऊन फाइल पाठवली, आणि डिव्हाइसने मधला रस्ता आपल्या मर्जीने पुन्हा काढला.

'टोल टाळा'चा मोह

यावर लोक पहिला उपाय करतात तो 'अव्हॉइड टोल रोड्स' चालू करायचा. एक्स्प्रेसवेला टोल आहे, म्हणजे तो टळेल, असा हिशेब. हिशेब चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. टोल जुन्या हायवेवरही आहे, मनोरकडे जाताना अहमदाबाद हायवेवर आहे, नाशिक रस्त्यावर पडघ्याजवळ आहे. दुचाकीला या रस्त्यांवर टोल भरावा लागत नाही, पण डिव्हाइसला त्याची खबर नसते. ते हे सगळेच रस्ते टाळतं आणि तुम्हाला कुठल्या तरी गावाच्या मागच्या अंगणातून नेतं. 'अव्हॉइड हायवेज' त्याहून वाईट. त्यात चांगला राष्ट्रीय महामार्गही गळतो आणि अडीच तासांच्या रस्त्याला पाच तास दाखवायला लागतात.

दोन्ही बंद ठेवा. त्याऐवजी 'कस्टम अव्हॉइडन्सेस' वापरा. हे झूमोमध्ये नॅव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये सापडतं आणि आश्चर्य म्हणजे फारच थोडे लोक ते उघडतात. त्यात दोन पर्याय असतात: एखादा भाग टाळायचा किंवा एखादा रस्ता टाळायचा. सागरी सेतू किंवा अटल सेतूसारखा समुद्रावरचा पूल असेल तर भाग निवडला तरी चालतं, चौकोनात पाण्याशिवाय दुसरं काही येत नाही. एक्स्प्रेसवेला मात्र भाग निवडायचा नाही, रस्ता निवडायचा. पनवेल ते खोपोली जुना हायवे त्याला इतका चिकटून जातो की चौकोन काढला तर तोही आत सापडतो.

आणि त्यातही एक मेख आहे. खोपोलीहून घाट चढला की वर खंडाळ्याच्या अलीकडे जुना रस्ता एक्स्प्रेसवेला येऊन मिळतो आणि थोडं अंतर दोघांचा रस्ता एकच होतो. संपूर्ण एक्स्प्रेसवे टाळा असं सांगितलंत तर हा सामायिक तुकडाही टाळला जाईल आणि डिव्हाइस लोणावळ्याला जायला भलताच वळसा दाखवेल. म्हणून टाळायचा रस्ता तुकड्यांत द्या: कळंबोली ते खोपोली एक तुकडा, लोणावळ्याच्या पुढे दुसरा. मधला घाट मोकळा ठेवा.

एवढं करूनही बिंदू टाकावेच लागतात. लोणावळ्यासाठी मी टाकतो ते असे: वाशीच्या खाडीपुलानंतर सायन-पनवेल रस्त्यावर एक, पळस्पे फाटा ओलांडून जुन्या हायवेवर एक, चौकच्या पुढे एक, खोपोली गावात एक आणि घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी एक. इंग्रजांना बोरघाटातली वाट ज्याने दाखवली असं सांगतात, तो हा शिंगरोबा धनगर; वाट दाखवणाऱ्याला नाणं टाकून पुढे जायची जुनी रीत आहे. पुण्यापर्यंत जायचं असेल तर कामशेत आणि वडगावलाही बिंदू हवेत, नाहीतर लोणावळा सुटताच पुन्हा एक्स्प्रेसवेची ओढ सुरू होते.

बिंदू नेमका कुठे पडला

निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं आणि ते शोधायला फक्त झूम लागतो.

पहिलं ठिकाण उड्डाणपूल. मोहम्मद अली रोडवर बिंदू टाकला तर वर जे. जे. उड्डाणपूल आहे. सपाट नकाशावर दोन्ही एकावर एक. बिंदू पुलावर चिकटला की डिव्हाइस पूल चढायला सांगणार, आणि पूल दुचाकीला बंद. चालत्या गाडीतही हीच अडचण येते: तुम्ही खाली आणि डिव्हाइसला वाटतं तुम्ही वर. पश्चिम द्रुतगती मार्गावर उड्डाणपूल आणि सर्व्हिस रोड यांच्यात तर हे रोजचंच. म्हणून पुलाच्या पट्ट्यात बिंदू टाकायचाच नाही. पूल सुरू व्हायच्या बराच आधी किंवा संपल्यावर टाका.

दुसरं ठिकाण दुभाजक असलेला हायवे. मनोरला नाश्ता करायचाय म्हणून हॉटेलवर बिंदू ठेवला, पण तो पडला मुंबईकडे येणाऱ्या बाजूला. आता डिव्हाइस तुम्हाला हॉटेलसमोरून पुढे नेईल, कुठल्या तरी कटवरून यू-टर्न घ्यायला लावेल, उलट आणेल, बिंदू गाठेल आणि पुन्हा यू-टर्नसाठी पळवेल. कागदावर हे दहा-बारा किलोमीटर जास्त. दोन्ही बाजूंच्या रेघा वेगळ्या दिसेपर्यंत झूम करून बिंदू आपल्या बाजूच्या रेघेवर ठेवा. हॉटेलच्या नावावर बोट ठेवून बिंदू घेऊ नका, तो इमारतीवर पडतो. समोरच्या रस्त्यावर ठेवा.

तिसरं ठिकाण तिठा. फाट्यावरच बिंदू टाकायची सवय सगळ्यांना असते, कारण फाटा लक्षात राहतो. पण फाट्यावर दोन रस्त्यांनी येता येतं आणि दोन रस्त्यांनी जाता येतं, मग बिंदूने काय साधलं? फाटा सुटल्यावर एखादा किलोमीटर पुढे, जिथे डावी-उजवी काही निवड उरत नाही तिथे टाका. ताम्हिणीला जायचं तर माणगावच्या चौकात नाही, निजामपूरच्या बाजूला थोडं आत गेल्यावर.

चौथा प्रकार दुर्मिळ, पण घडला की डोकं चक्रावतं: अक्षांश-रेखांश हाताने टाकताना अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. लोणावळा साधारण १८ अंश ४५ मिनिटं उत्तर, ७३ अंश २४ मिनिटं पूर्व. हेच कुणी १८.४५ आणि ७३.२४ असं टाकलं तर बिंदू नैर्ऋत्येला पस्तीसेक किलोमीटर सरकून रोहा-कोलाडच्या बाजूला जाऊन बसतो. खरं दशांशातलं उत्तर १८.७५ आणि ७३.४०. दशांशानंतर निदान पाच आकडे ठेवा, तेव्हा कुठे मीटरभराची अचूकता येते. तीनच आकडे ठेवले तर शंभर मीटरचा खेळ आहे, आणि तेवढ्यात बिंदू शेजारच्या रस्त्यावर जातो.

थांबायचे बिंदू आणि नुसते वळवायचे बिंदू

गार्मिनमध्ये बिंदू दोन जातींचे. व्हाया पॉइंट म्हणजे तिथे गेलंच पाहिजे. पोचल्यावर डिव्हाइस तसं सांगतं आणि चुकला तर 'मागे फिरा' म्हणून मागे लागतं. शेपिंग पॉइंट म्हणजे रस्ता इकडून वळवायचा, बाकी काही बोलायचं नाही. बेसकॅम्प या गार्मिनच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदूवर उजवं क्लिक करून हे बदलता येतं. पोचल्याची सूचना नको असं निवडलं की तो शेपिंग होतो.

बरेच प्लॅनर सगळेच बिंदू व्हाया म्हणून पाठवतात. मग पेणजवळ रस्त्याचं काम म्हणून शंभर मीटर बाजूने गेलात की पुढचे वीस किलोमीटर यू-टर्नचा जप. अशा वेळी स्क्रीनवरचं 'स्किप' दाबायचं, एवढंच. ट्रिप रद्द करून नव्याने सुरू करायची गरज नसते. ते बटण मुख्य स्क्रीनवर आणून ठेवा, हातमोज्याने मेनू धुंडाळणं घाटात परवडत नाही.

उलट सगळेच शेपिंग केले तर दुसरी गंमत. वाट सुटून हिशेब नव्याने झाला की डिव्हाइस काही शेपिंग बिंदू गुपचूप सोडून देऊ शकतं, आणि तुमचा घाटाचा सुंदर रस्ता गळून सरळ हायवे शिल्लक राहतो. माझ्या मते प्रमाण असं असावं: पेट्रोल, जेवण, मुक्काम आणि जिथून गेल्याशिवाय राइडला अर्थ नाही ते घाटमाथे व्हाया, बाकी शेपिंग. महाबळेश्वरहून परत येताना आंबेनळी उतरून पोलादपूरला यायचं असेल तर घाटात व्हाया हवाच. डिव्हाइसला मोकळं सोडलं तर ते वाई-पुण्यावरूनच आणू बघतं.

बिंदूंची गर्दीही करू नका. जिथे डिव्हाइसला दुसरा रस्ता सुचू शकतो तिथेच बिंदू. माळशेजला जाताना मुरबाड सोडल्यावर घाटमाथ्यापर्यंत दुसरी वाटच सुचत नाही, तिथे पाच बिंदू टाकून काय मिळणार?

याच्याशी जोडलेलं एक सेटिंग: रस्ता सोडल्यावर नव्याने हिशेब करायचा की नाही. आपोआप, विचारून किंवा बंद, असे तीन पर्याय असतात. मुंबईच्या हद्दीत आपोआप ठीक आहे, कारण इथे दर सिग्नलला काहीतरी खोदलेलं असतं. आखलेल्या टूरवर मात्र 'विचारून' ठेवा. चहाच्या टपरीसाठी बाजूला वळलात म्हणून अख्खा दिवसाचा रूट बदलला असं होत नाही. आणि 'ॲडव्हेंचरस रूटिंग', म्हणजे मुद्दाम वळणावळणाचे रस्ते शोधणारा पर्याय, आखलेल्या रूटवर नको. रविवारी कुठे जायचं ठरलेलं नसेल तेव्हा ते मजा आणतं.

सुरुवातीचा एक प्रश्नही इथेच उरकतो. ट्रिप चालू करताना डिव्हाइस विचारतं, पुढचं ठिकाण कोणतं? घाईत मधलंच नाव दाबलं की आधीचे सगळे बिंदू गेले. तुम्ही ठाण्याहून निघालात आणि ट्रिपची सुरुवात दादरला असेल तर पहिला बिंदूही नको, नाहीतर ते आधी दादरला नेईल. अशा वेळी रूटवरच्या सगळ्यात जवळच्या जागेपासून सुरू करायचा पर्याय असतो, तो घ्या. किंवा ट्रिपची सुरुवातच टोलनाक्याबाहेर ठेवा.

खाडी आणि फेरीबोट

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्यांना हा भाग नीट वाचायला हवा. रेवस-रेड्डी सागरी मार्ग नकाशावर सलग दिसतो, प्रत्यक्षात तो खाड्यांनी तुटलेला आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या सगळ्या ठिकाणी बाईक फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे उतरायची. मुंबईतूनच सुरुवात करायची तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो २०२० पासून आहे.

आता डिव्हाइसमध्ये 'अव्हॉइड फेरीज' चालू असेल (आणि अनेकांचं ते कधी चालू झालं हे त्यांनाही आठवत नाही) तर काय होतं बघा. आगरदांड्याहून दिघी समोर दिसतं, पण डिव्हाइस म्हसळ्यावरून खाडीला वळसा घालायला लावतं. बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीसाठी आंबेतपर्यंत मागे. दाभोळला तर वाशिष्ठीला वळसा घालायला चिपळूण गाठायला सांगतं. एकच टिचकी आणि दोन दिवसांच्या टूरला तिसरा दिवस.

टिचकी काढूनही वळसाच दाखवत असेल तर त्या नकाशात ती फेरीची रेघच नाही. तेव्हा वाद घालू नका, ट्रिप तोडा. अलीकडच्या जेट्टीवर एक ट्रिप संपवा, पलीकडच्या जेट्टीवर दुसरी सुरू करा. नावं देताना क्रमांक लावा म्हणजे यादीत ओळीने दिसतात. खरं तर फेरी नकाशात असली तरी मी किनाऱ्यावर तोडूनच नेतो, कारण डिव्हाइसला फेरीच्या वेळा माहीत नसतात. शेवटची बोट गेलेली असली तरी ते 'पुढे चला' म्हणतं. वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, भरती-ओहोटी आणि पावसाळ्याप्रमाणे त्या बदलतात.

पावसाळ्यातल्या घाटांनाही हीच पद्धत. वरंध घाट पावसात बऱ्याचदा बंद ठेवतात, दरड तर कुठेही येते. भोरहून महाडला उतरायचं असेल तर वरंधची एक ट्रिप आणि दुसऱ्या घाटाची एक ट्रिप अशा दोन तयार ठेवा. भोरला पोचून चौकशी केली की कोणती चालू करायची ते ठरतं.

दुरुस्त केलं तरी जुनंच दिसतंय

हा सगळ्यात चिडवणारा प्रकार आणि सगळ्यात सोपा. घरी बिंदू सरकवला, फाइल त्याच नावाने पुन्हा टाकली, डिव्हाइस मात्र जुनाच रूट दाखवतंय. कारण आयात करताना डिव्हाइस त्या फाइलची स्वतःची प्रत बनवून ठेवतं. तुम्ही बदललीत ती फाइल, चालतेय ती जुनी प्रत. ट्रिप प्लॅनरमधून जुनी ट्रिप काढून टाका, मग नवी आयात करा. त्याहून बरं म्हणजे नावातच तारीख घाला.

बेसकॅम्प वापरत असाल तर कॉम्प्युटरवर आणि डिव्हाइसवर नकाशाची आवृत्ती एकच आहे ना ते बघा. एकच असली तर काढलेला रस्ता तसाच वापरला जायची शक्यता जास्त. वेगळी असली तर हिशेब नव्याने होतो आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. गाडीचा प्रकार आणि 'फास्टर टाइम' की 'शॉर्टर डिस्टन्स' हेही दोन्हीकडे सारखं ठेवा. 'शॉर्टर डिस्टन्स'चा नाद मात्र आपल्याकडे सोडलेला बरा. दोन किलोमीटर वाचवायला ते कर्जत-मुरबाडच्या आतल्या वाडी-पाड्यांतून नेईल आणि तुम्ही बैलगाडीच्या मागे चालाल.

आदल्या रात्री काय ताडून बघायचं

सगळ्यात भरवशाची परीक्षा किलोमीटरची. प्लॅनरवरचं एकूण अंतर आणि डिव्हाइसवरचं एकूण अंतर शेजारी ठेवा. दोन-चार किलोमीटरचा फरक चालतो. पंधरा-वीसचा असेल तर कुठेतरी दुभाजकापलीकडे बिंदू आहे, चाळीसच्या वर असेल तर घाट, फेरी किंवा बंद रस्त्याचा घोळ आहे. मग ट्रिप प्लॅनरमध्ये दोन बिंदूंमधली अंतरं एकेक करून बघा. ज्या तुकड्यात आकडा फुगलाय तिथेच चूक. सगळ्या रस्त्यावर बोट फिरवत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. अंतर नेमकं जुळलं तरी वळणांच्या यादीत एक्स्प्रेसवे, फ्रीवे, सेतू, समृद्धी ही नावं येतात का ते पाहाच, कारण बंद रस्त्याने अंतर कधी कधी सारखंच येतं.

ग्रुपने जात असाल तर आणखी एक. एकाने बनवलेली फाइल व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवायची आणि प्रत्येकाने आपापल्या डिव्हाइसमध्ये टाकायची, ही पद्धत चांगली, पण पाच डिव्हाइस पाच रस्ते काढू शकतात. कोणाचा नकाशा जुना, कोणाचं 'अव्हॉइड टोल' चालू, कोणी फोनवरच्या ॲपमध्ये उघडलेली. म्हणून फाइलमध्ये ट्रॅक असायलाच हवा आणि पळस्पे फाट्यावर चहाला थांबाल तेव्हा सगळ्यांनी स्क्रीन शेजारी धरून उरलेलं अंतर जुळतंय का ते बघून घ्यावं. ज्याचं जुळत नाही त्याने रूट बंद करून नुसत्या ट्रॅकवर यावं किंवा पुढच्या गाडीच्या टेललाइटमागे लागावं.